बिनदाराची गाडी

परवा रविवारी जेवताना माझं बोट ताटातल्या उरलेल्या सांबारात आपोआप फिरलं. आधी एक गोल. मग तीन गोल मावतील एवढी जागा सोडून दुसरा गोल. मग दोन्हींच्या डोक्यावरून जाणारी एक लांब, घसरती रेघ. रेघ ताटाच्या कडेला पोचायच्या आतच माझ्या बायकोने, वैदेहीने ताट उचललं. "आली वाटतं कत्तिरी," ती म्हणाली, आणि माझी गाडी नळाखाली वाहून गेली.

कत्तिरी म्हणजे मे महिन्यातले अग्निनक्षत्राचे दिवस. चेन्नईत उकाडा तसा बारमाही आहे, पण तो घरच्या माणसासारखा. कुरकुर करतो, बाजूला पडून राहतो. कत्तिरी मात्र पाहुणी. येते ती सगळ्या खोल्यांचा ताबा घेते. पंखा फिरतो तो फक्त गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे पोचवायला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहा टाकता येईल असं येतं. शिवाच्या देवळात पिंडीवर तळाला भोक पाडलेलं भांडं टांगतात, थेंब थेंब पाणी देवाच्या डोक्यावर पडत राहतं, आणि दर्शनाच्या रांगेतली निम्मी माणसं भक्तीपेक्षा हेव्याने त्याकडे बघत असतात. रस्त्याच्या कडेला ताडगोळ्यांचे ढीग, ताकाचे माठ. दुपारी कधीतरी समुद्रावरून वारा सुटतो. तो सुटला की अख्खी गल्ली एकदम "हां" करते. ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी नवरा-बायकोंनी महत्त्वाच्या विषयांवर बोलू नये.

आणि याच दिवसांत माझे हात शिवशिवतात. गाड्यांची चित्रं काढायच्या हौशी स्पर्धा असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. गाड्यांना वाहिलेली मासिकं, क्लब, कधी एखादी कंपनी, हे लोक विषय देतात. उद्याची टॅक्सी, वाळवंटातली गाडी, एकट्या माणसाची गाडी. तुम्ही कागदावर गाडी काढून पाठवायची. कॉलेजातल्या मुलांना सुट्टी असते म्हणून या स्पर्धांच्या मुदती मेअखेरीला येतात. त्या मुलांच्या वयाचा मी कधी होतो ते आता आठवून काढावं लागतं, पण मुदत काही वय बघत नाही.

पोटापाण्यासाठी मी बिजागऱ्या करतो. गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे, तिथे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात आणि मी त्यांचा इंजिनियर. मूळचा कऱ्हाडचा. नोकरीसाठी इकडे आलो, बायको इथली मिळाली, राहिलो. बिजागरी ही मोठी गरीब वस्तू. चांगली झाली तर कुणाला कळत नाही, वाईट झाली तर शेजाऱ्यांनाही कळते. शोरूममध्ये लोक गाडीभोवती फिरतात, दिव्यांना हात लावतात, बॉनेटवरून तळवा फिरवतात, "वा, काय लाइन आहे!" म्हणतात. मग दार उघडतात, आत बसतात, दार लावतात. माझ्या कामाला त्यांनी नुकताच दोनदा हात घातलेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा सेंथिल याला नशीब म्हणतो. "सार, पब्लिकने आपली आठवण काढली की समजायचं, कंप्लेंट आली."

मला ती लाइन काढायची होती. बिजागरीचं माप नाही, लाइन. एका हिसक्यात, खांद्यापासून हात फिरवून, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. या धंद्यातले जाणकार म्हणतात की मनगटाने काढलेली रेघ भित्री असते. माझ्या रेघा पहिली दोन वर्षं नुसत्या भित्र्या नव्हत्या, त्या चक्क पळून जायच्या.

त्यात कत्तिरीतला घाम. कागदावर हात ठेवला की हात उचलताना कागद बरोबर येतो. रेघेच्या ऐन वळणावर नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडतो आणि मडगार्डाच्या जागी फोड उठतो. यावर मी एक जालीम उपाय काढला. आमच्या घरात माझे सासरे, ज्यांना वैदेहीने शिकवल्याप्रमाणे मी मामंजी म्हणतो, आंघोळीनंतर गळ्यापासून कमरेपर्यंत चंदनाची पावडर लावतात. त्यांचा डबा उचलून मी कोपरापर्यंत हात पांढरा केला आणि थोडी पावडर कागदावरही भुरभुरवली. हात काय घसरला! लोण्यावरून जावा तसा. रेघ आयुष्यात पहिल्यांदा सरळ बाहेर पडली. मग रंगवायला मार्कर टेकवला, तर शाई कागदात शिरेना. पावडरीवर ती मण्यामण्यांनी जमली, आणि माझी चंदेरी स्पोर्ट्स कार देवी आल्यासारखी दिसायला लागली. मुदतीची संध्याकाळ होती. तशीच पाठवली. निकालात माझं नाव नव्हतं. मात्र त्या कागदाला आजही वास येतो, आणि तो फार सात्त्विक आहे.

चाकांसाठी मी फिल्टर कॉफीचा दवरा वापरत असे. दवरा म्हणजे पेल्याखालची ती पसरट वाटी. तिचा घेर चाकाला इतका बेतशीर होता, की इकडच्या लोकांनी कॉफीचा विचार नंतर केला असावा. पालथी घालायची, भोवती मार्कर फिरवायचा, झालं. एका सकाळी मामंजींनी दवऱ्यातून कॉफी भुरकली, पेपर खाली ठेवला, आणि वैदेही ओरडली, "अय्यो अप्पा, मिशी!" त्यांच्या वरच्या ओठावर काळीभोर कमान उमटली होती. शाई पक्की. तीन दिवस देवळात, वाण्याकडे, रेल्वेच्या पेन्शनर मित्रांच्या बैठकीत ते ती मिशी घेऊन फिरले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर कॉफी प्यायच्या आधी दवरा उलटा करून उजेडात धरायला लागले.

मामंजी तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर का कारकुनीबरोबर उतरले ते तिथेच राहिले. ते बोलतात ती मराठी ऐकली की मला आमच्या कऱ्हाडच्या घरातल्या जुन्या पोथीने तोंड उघडल्यासारखं वाटतं. फक्त पोथीला तमिळ हेल आहे. जावयाला तमिळमध्ये माप्पिळ्ळै म्हणतात, त्यात मान असतो. मला ते त्याच नावाने हाक मारतात आणि अहोजाहो करतात, त्यामुळे रागावले तरी ते राजदूतासारखे वाटतात.

"माप्पिळ्ळे, कत्तिरीत नवं कार्य धरू नये," ते दर वर्षी सांगतात. "घराचा पाया नोको. विहीर नोको. झाड तोडणं नोको."

"आणि चित्र?" मी विचारलं होतं.

"चित्राचं शास्त्रांत नाही." त्यांनी माझ्या देवी आलेल्या गाडीकडे पाहिलं. "तुमचं पाहून आतां घालतील."

त्यांचा उजवा गुडघा आखडलेला आहे. वाकत नाही म्हणजे नाहीच. त्यामुळे मोटारीत बसणं त्यांना नकोसं. आधी पाठ आत घालायची, मग बूड टेकायचं, मग डोकं वाचवायचं, आणि शेवटी तो ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून सामानासारखा आत घ्यायचा. कुणी मदतीला आलं की त्यांना अपमान वाटतो, न आलं की पाय बाहेर राहतो. नातेवाइकांनी लग्नाला न्यायला गाडी पाठवली की ते "माझी तब्येत बरी नाही" म्हणतात आणि थोड्या वेळाने ऑटो करून लग्नाला हजर होतात. ऑटोला दार नसतं. बाजूने टेकायचं, पाय थोडा बाहेर राहिला तरी ऑटो कुरकुरत नाही.

ज्या कत्तिरीबद्दल मला लिहायचं आहे, ती गेल्या वर्षीची. त्या वर्षी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जागच्या जागी बसवेना. बसच्या खिडकीतून जाणारी प्रत्येक गाडी मी मनात पुसायचो आणि परत काढायचो. मीटिंगमध्ये बिजागरीच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दिवे उगवायचे. सेंथिलने एकदा तेच ड्रॉइंग चुकून खाली वर्कशॉपमध्ये पाठवलं, आणि फोरमनने गंभीरपणे विचारणा केली की हा नवीन भाग कुठल्या धातूत करायचा.

वैदेहीच्या शाळेला सुट्टी होती, ती गणित शिकवते. तिच्या मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही टी. नगरला साडी घ्यायला गेलो. एरवी मी अशा दुकानात खुर्ची बघून समाधी लावतो. पण त्या दिवशी सेल्समनने एक मोरपंखी रेशीम उघडलं. दोन्ही हातांत काठ धरून त्याने साडी हवेत झटकली, ती क्षणभर वर तरंगली, मधे फुगली आणि मागे उतरत उतरत गादीवर निजली. मी ताडकन उठलो. तीच रेघ! कितीतरी दिवस मी गाडीच्या छपरासाठी शोधत होतो ती.

"परत एकदा दाखवा," मी म्हणालो.

त्याने परत झटकली. मी बाजूने पाहिलं. मग वाकून पाहिलं.

"आता जरा हळू."

"सार, हळू केलं तर पडते," तो म्हणाला.

"मग ती दुसरी, जड काठाची."

वैदेहीचा चेहरा उजळला होता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्याला साडीत रस आलेला बघून ती हळूच मला म्हणाली, "तुला मोरपंखी आवडली का? मला वाटलं तू मरून रंगाची म्हणशील." आणि मी, माझ्यातल्या गाढवाला स्मरून, तिला म्हणालो, "रंग कुठलाही चालेल. मला फक्त मागचा उतार बघायचाय."

आम्ही ऑटोने परत निघालो. साडी घेतली नव्हतीच. वैदेही म्हणाली, "तुला काय पाहिजे नक्की? नोकरी सोडायची? परत कॉलेजला जायचं? सांग तरी. मी गणिताची आहे, मला प्रश्न कळला तर मी काही तरी करीन."

नोकरी सोडायची माझी ताकद नव्हती हे तिला ठाऊक होतं, मलाही. मी खरं तेच सांगितलं. "एकदा, एकदाच कुणीतरी जाणत्या माणसाने माझं चित्र बघून म्हणावं, याच्या हातात काहीतरी आहे. नसेल तर नाही म्हणावं. हे मधलं लटकणं मला सोसवत नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर सगळे मार्कर माळ्यावर. पुन्हा नाव काढणार नाही."

"माळ्यावर आधीच तुझं गिटार आहे," ती म्हणाली. पण तिने हात पुढे केला आणि मी तिच्या तळव्यावर वचनाची टाळी दिली.

आणि काय नवल, त्याच वर्षी माझं चित्र अंतिम फेरीत निवडलं गेलं. साडीच्या उताराचंच चित्र ते. फेरी इथेच, एग्मोरच्या एका हॉटेलात. विषय तिथल्या तिथे देणार, सकाळभर काढायचं, दुपारी घरच्यांना बोलवून सगळ्यांसमोर परीक्षक बोलणार.

हॉलमध्ये सगळी कोवळी मुलं. एकीने मला "अंकल, रजिस्ट्रेशन कुठेय?" असं विचारलं, ती मला हॉटेलचा मॅनेजर समजली होती. मी तिला रजिस्ट्रेशन कुठे ते दाखवलं आणि तिच्या मागे रांगेत उभा राहिलो. ती बिचारी नंतर दिवसभर माझी नजर चुकवत होती.

विषय फळ्यावर आला: तुमच्या घरातल्या एका माणसासाठी गाडी.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. मामंजी! त्यांचा ताठ पाय, त्यांची पांढरी, लुंगीसारखी वेष्टी, त्यांचा दवरा. हॉलमध्ये चांगला गारवा होता, घाम नव्हता, पावडर नव्हती. मी खांद्यापासून हात सोडला आणि ती रेघ आली. रेशमासारखी. मी श्वास धरून तिच्यामागून गेलो. मग उंच आसन काढलं, वेताने विणलेलं, पाठीला वारा लागावा असं. ताठ पाय सरळ ठेवता यावा म्हणून पुढे मोकळी जागा. कॉफीच्या पेल्यासाठी खोलगट कोनाडा. पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवायला मागे कडं. छप्पर वर दुहेरी, मधून हवा खेळेल असं. बाजूचा सगळा पत्रा मी असा सलग, नितळ ठेवला की नजर कुठे अडकू नये. खाली लिहिलं, 'मामंजींसाठी'. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं चित्र होतं. आजही आहे.

दुपारी वैदेही आणि मामंजी आले. मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कपाळाला विभूती. आपल्यासाठी गाडी काढली आहे हे कळल्यावर ते चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले, नव्या घराच्या वास्तुशांतीला आल्यासारखे. वेताची खुर्ची बघून मान हलवली. कोनाड्याकडे बोट करून वैदेहीला म्हणाले, "दवरा!"

परीक्षक बाई होत्या. पांढरे केस कापलेले, सुती साडी, परदेशात बरीच वर्षं गाड्या केलेल्या. त्या माझ्या चित्रासमोर आल्या आणि थांबल्या. इतरांपाशी थांबल्या होत्या त्याहून जास्त. चष्मा वर केला, खाली केला. त्यांचं बोट छपरावरच्या रेघेमागून हवेत फिरलं.

"ही रेघ सुंदर आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हा माणूस मला दिसतोय, आत बसलेला. फार सुखात आहे तो." मग त्यांनी मान कलती केली. "पण तो आत गेला कुठून?"

मी हसलो. मग चित्राकडे पाहिलं. मग हसू तोंडावर तसंच राहिलं, आतून मी निघून गेलो.

दार नव्हतं. या बाजूला नव्हतं. मागे नव्हतं. वर नव्हतं. एक फट नाही, एक मूठ नाही. साबणाच्या वडीसारखी ती गाडी चारी बाजूंनी बंद होती. चित्रातल्या रेघेला बाध येतो म्हणून दारांच्या फटी शेवटी काढायची माझी सवय, आणि शेवटी मी मामंजींच्या माठावर नक्षी काढत बसलो होतो.

"तुम्ही काय काम करता?" बाईंनी सहज विचारलं. धीर द्यायला असावं.

अशा वेळी माणसाने खोटं बोलावं. शिक्षक म्हणावं, वकील म्हणावं. मी खरं सांगितलं. "गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करतो."

हॉल हसला. वाईट हसला नाही, पण मनापासून हसला. मघाची ती मुलगीसुद्धा हसली. बाईही हसल्या आणि माझ्या दंडाला हात लावून पुढच्या चित्राकडे गेल्या. रेघेबद्दल त्या काय म्हणाल्या ते हसण्याच्या आधीचं होतं, आणि हसण्याच्या आधीचं काही माझ्या कानांत उरलंच नव्हतं. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, नाव इतकं चुकलेलं की ते कुणालाही देता येईल.

परत ऑटोने. तिघे मागे, मामंजींचा पाय नेहमीसारखा थोडा बाहेर. समुद्राचा वारा त्या दिवशी आलाच नव्हता. मामंजी म्हणाले, "गाडी बरी होती, माप्पिळ्ळे. खुर्ची फार बरी. मी आंत बसलोंही होतों. मग त्या बाईंनी विचारल्यावर भय वाटलं, आतां बाहेर कसा येणार?"

वैदेहीने पदर तोंडात कोंबला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मी स्टूल घेतलं, मार्करचा खोका माळ्यावर चढवला, गिटारच्या शेजारी. वचन ते वचन. वैदेही खाली स्टूल धरून उभी होती. "ती बाई रेघ सुंदर म्हणाली," ती म्हणाली. "म्हणाली ना? मी ऐकलं."

"दार नाही म्हणाली."

"दोन्ही म्हणाली."

मी खोका आणखी आत ढकलला. नंतर मी पुष्कळदा विचार केला आहे की मी ते दार विसरलो की टाळलं. दिवसभर दारं, बसमध्ये दारं, तक्रारी आल्या की रात्रीच्या फोनवर दारं. कागदावर तरी ती नकोत असं माझ्या हातालाच वाटत असणार. आणि नेमका ज्या माणसाचा सगळा प्रश्न दारापाशीच होता, त्याला मी भिंतीआड चिणून बसवला. कॉफीसकट.

तेव्हापासून वर्ष गेलं. मार्कर माळ्यावर आहेत, पण बोटांना माळ्यावर ठेवता येत नाही. सांबारात गोल, आंघोळीच्या आरशावरच्या वाफेत छप्पर, बसच्या सीटच्या पाठीवर नखाने उतार. यंदा कत्तिरी लागली आणि पुन्हा तेच. जेवण गोड लागेना, उभं राहिलं की बसावंसं आणि बसलं की उठावंसं. नव्या स्पर्धेचा विषयही कुठून तरी डोळ्यांसमोर आला. मी फोन उलटा ठेवला. वचन ते वचन.

आमच्या गल्लीत कारखान्याची बस जिथे थांबते तिथे कडुनिंबाखाली एक गाडी उभी असते. मालक सुट्टीत गावी गेलेत. गाडीवर धुळीचा साय धरल्यासारखा थर आहे. सोमवारी बसची वाट बघताना माझं बोट तिच्या बॉनेटवर गेलं. गोल, तीन गोलांची जागा, गोल. आणि ती रेघ. धुळीत ती कागदापेक्षा बरी येते, हे मी जाणकारांना सांगू इच्छितो. बस आली, मी पळालो. वचनात धुळीचा उल्लेख नव्हता.

संध्याकाळी उतरलो तर गाडी तिथेच होती, धूळ तिथेच होती, माझी रेघही होती. पण माझ्या गाडीच्या मधोमध कुणीतरी एक दार काढलेलं होतं.

आणि कसलं दार! घराचं दार. दोन फळ्यांचं, चौकटीचं, खाली उंबरठा, मधे गोल कडी. उंबरठ्यापुढे चार-दोन ठिपके, इकडे पहाटे अंगणात कोलमची रांगोळी काढतात तिच्यातले. माझ्या घसरत्या, रेशमी गाडीच्या पोटात ते दार एखाद्या देवडीसारखं ठाम उभं होतं. फळ्यांच्या दोन्ही कडांना तीन तीन बारीक चौकोन होते. वाकून पाहिलं तेव्हा कळलं. बिजागऱ्या. एकेक करून, बोट न थरथरवता, मधे स्क्रूचे टिंबसुद्धा देऊन काढलेल्या.

मी एवढ्या स्पर्धा पाहिल्या, एवढी चित्रं पाहिली. गाडीच्या चित्रात बिजागरी कधी कुणी काढत नाही. ती आत असते, दिसत नाही. मीही कधी काढलेली नाही.

घरी मामंजी व्हरांड्यात ताठ पाय स्टुलावर ठेवून बसले होते. ताक पीत होते. वेष्टीवर गुडघ्यापाशी धुळीचं एक लांब बोट पुसलेलं.

मी चप्पल काढत म्हणालो, "मामंजी, कत्तिरीत नवं कार्य धरू नये, असं कुणीतरी सांगत होतं."

"हौं. नवं धरू नये," ते म्हणाले. पेला उजेडात धरून तळ बघितला, सवयीने. "अर्धं राहिलेलं पुरं केल्यास दोष नाही."

"दोन फळ्यांचं दार गाडीला?"

"एक फळी उघडून मी येणार. दुसरी पाय आणण्यास." मग थोडं थांबून म्हणाले, "बिजागरी बरोबर आहे का पाहा. तें तुमचं खातं."

आतून वैदेहीचा आवाज आला, "स्टूल अप्पांच्या पायाखाली आहे, हवं असेल तर मागून घे." मी माळ्याचं नावही काढलं नव्हतं. गणिताची आहे ती.

आज सकाळी बस यायच्या आधी मी परत बॉनेटपाशी गेलो. वरच्या बिजागरीचा पिन जरा तिरका होता, तो सरळ करायचा होता एवढंच. वारा नव्हता. मी वाकलो, बोट टेकवणार तोच नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमलेला जाणवला, टपोरा, पडायच्या बेतात, आणि त्याच्या बरोब्बर खाली ती कडी. मी श्वास धरला. बस गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होती, सेंथिल खिडकीतून "सार! सार!" ओरडत होता, आणि मी तसाच वाकलेला, एका हाताने खिशातला रुमाल चाचपत, नाक तसूभरही न हलवता उभा होतो.